वजनाचा काटा थांबतो तेव्हा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, हा विषय एका बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी का निवडावा, असा प्रश्न मंडळातील शल्यचिकित्सक मित्रांना पडणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन आहेत. ही शस्त्रक्रिया झालेल्या तरुण माता आता आपली मुले घेऊन आमच्याकडे येतात आणि बाळाचे वजन करून झाले की हळूच स्वतःच्या वजनाचा विषय काढतात, हे पहिले कारण. वजनाचा आलेख वाचणे हा आमच्या शाखेचा नित्याचा व्यवसाय आहे, हे दुसरे. बालरोगतज्ज्ञ एका दिवसाच्या वजनावरून निदान करीत नाही; तो रेषा पाहतो, तिची दिशा पाहतो, तिचा वेग पाहतो. हीच सवय या रुग्णांच्याही उपयोगी पडावी असे वाटते.

या मातांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "डॉक्टर, ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं. पहिले दहा महिने वजन भराभर उतरलं. आता दोन महिने काटा हलतच नाही. ऑपरेशन वाया गेलं का?" या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर सर्वांना समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. उत्तराचे सार आरंभीच सांगतो. शस्त्रक्रियेनंतर वजन एका टप्प्यावर थांबणे हे बहुतेक वेळा अपयशाचे लक्षण नसते. घटलेल्या देहाने आपला जमाखर्च नव्याने जुळविल्याची ती खूण असते. धोका थांबलेल्या काट्यात फारसा नसतो. काटा थांबल्यावर लाजेपोटी जो पाठपुरावा तुटतो, त्यात तो असतो.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

आधुनिक बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९६६ साली डॉ. एडवर्ड मेसन यांनी केलेल्या गॅस्ट्रिक बायपासपासून मानला जातो. आज आपल्याकडे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर एखाद्या नळीसारखे राहते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला आणि आपल्या प्रांतात इंदूरला या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हा मराठी घरांतून तिची चर्चा प्रथमच मोकळेपणाने झाली.

पोट लहान केले म्हणून माणूस कमी खातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. भूक चाळविणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग निघून जातो. उलटपक्षी अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचू लागल्याने तृप्ती देणारी जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके वाढतात. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया भुकेचे व तृप्तीचे निरोपच बदलते. म्हणूनच ती केवळ 'पोट शिवून टाकणे' नव्हे आणि ती करवून घेणारा माणूस आळशीही नव्हे.

रेषा कशी वाचावी?

येथे आमच्या शाखेतील एक उदाहरण देतो. तीन किलोचे जन्मलेले बाळ वर्षाच्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे वजन तिप्पट होते. पुढच्या संपूर्ण वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. या दुसऱ्या वर्षात बाळाची भूकही मंदावते. त्याच सुमारास आई कासावीस होऊन येते : "काही खातच नाही, वजन वाढतच नाही!" आम्ही वृद्धिआलेख उघडून दाखवितो. बाळ आपल्या रेषेवर असते. मंदावलेला असतो तो वेग, आणि तो निसर्गनियमाने मंदावलेला असतो. पहिल्या वर्षाचा वेग आयुष्यभर टिकला असता तर काय झाले असते, याची कल्पना केली की आईच हसू लागते.

शस्त्रक्रियेनंतरची रेषा हीच, फक्त उलट दिशेची. पहिले तीन महिने ती घाटासारखी तीव्र उतरते, सहा महिन्यांनंतर उतार सौम्य होतो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पठार लागते. शल्यचिकित्सक या पठारालाच 'प्लॅटो' म्हणतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या व्यक्तींवर शस्त्रक्रिया झाली होती. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या गटात एक-दोन वर्षांच्या सुमारास सर्वाधिक, म्हणजे सरासरी ३२ टक्के वजन उतरले. नंतर ते थोडे परतले आणि दहा वर्षांनी मूळ वजनाच्या २५ टक्के घट टिकून होती. शस्त्रक्रिया न केलेल्या गटाचे वजन या काळात जवळपास होते तेथेच राहिले. अखंड उतरत जाणारी रेषा शस्त्रक्रियेच्या गटांतही आढळली नाही. आणि तरीही, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. पठार लागूनही आयुष्य वाढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याखेरीज एक छोटे पठार फार लवकर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते आणि रुग्णाला घाबरवून सोडते. त्याचे कारण पाणी. आपले यकृत व स्नायू ग्लायकोजेन या रूपात साखर साठवितात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. पहिल्या दिवसांत हा साठा संपला की पाण्यासह दीड-दोन किलो वजन झटकन उतरते. पुढे आहार थोडा वाढला की साठा अंशतः भरतो, पाणी परत येते आणि चरबी उतरत असूनही काटा थांबलेला दिसतो. एक-दोन आठवडे धीर धरणे हाच यावर उपाय.

देहाचा जमाखर्च

मोठे पठार का लागते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वय ४५ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन १२० किलो असलेल्या एका बाईंचे वजन शस्त्रक्रियेनंतर ८८ किलोंवर आले. प्रचलित सूत्राने हिशेब केला तर पूर्ण विश्रांतीतही त्यांचा देह पूर्वी दिवसाला सुमारे १,७८० उष्मांक खर्च करीत होता; आता तो सुमारे १,४६० करतो. तासभर मध्यम गतीने चालण्यात पूर्वी सुमारे ४२० उष्मांक जात; आता ३१० जातात. ओझे हलके झाले की हमालाचे कष्टही कमी होतात, तसेच हे. दुसरीकडे, सुरुवातीला जेमतेम चार घास जाणारे जठर वर्षभरात थोडे सैलावते आणि आहार हळूहळू वाढतो. उतरत आलेली खर्चाची रेषा आणि चढत गेलेली आहाराची रेषा जेथे एकमेकींना भेटतात, तेथे वजन थांबते. यात कोणाचाही गुन्हा नाही.

याशिवाय देह स्वतःहूनही काटकसर करतो. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, परंतु विश्रांतीतील उष्मांकखर्च त्याहूनही अधिक, सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. लाखो वर्षे दुष्काळाशी झुंजलेल्या मानवी देहाला वजन घटणे हे संकटच वाटते. चरबीपेशींतून निघणारे 'लेप्टिन' हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले आणि या संकटाचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोहोचतो, ते कळले. चरबी घटली की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि खर्च आखडतो.

या बाबतीत शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती तुलनेने बरी असते. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत आहारनियमन व कठोर व्यायामाने वजन घटविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा विश्रांतीतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी आढळला आणि घटलेले बरेचसे वजन परत आले होते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या तुलनात्मक गटात ही अतिरिक्त काटकसर सहा महिन्यांनी दिसली, पण वर्षानंतर दिसली नाही. पठारावर उभ्या असलेल्या रुग्णाला हे अवश्य सांगावे.

पुण्याने शिकविलेला धडा

काटा थांबला म्हणजे देह थांबला असे नव्हे, हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य आठवावे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे व लंडनच्या डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, तंतोतंत सारखा : २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हेच चित्र नवजात बालकांतही दिसले. सरासरी २.७ किलोंची आपली बाळे इंग्लंडमधील ३.५ किलोंच्या बाळांपेक्षा पुष्कळ हडकुळी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने बरीच राखलेली होती.

या शोधातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. वजनाचा आकडा देहाची घडण सांगत नाही, ही पहिली. पठाराच्या काळात चरबी थोडी उतरून तेवढाच स्नायू बांधला गेला तर काटा स्थिर राहील, पण कमरेचा घेर घटेल, साखर सुधारेल, जिना चढताना दम लागणार नाही. दुसरी गोष्ट अशी की भारतीय माणसाजवळ स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. काटा हलावा म्हणून उपाशी राहिल्यास देह प्रथम ती शिल्लकच मोडून खातो. स्नायू गेला की खर्च आणखी घटतो आणि पठार अधिकच पक्के होते. आपल्या वसाहतीचे नावच दर्पण आहे. तेव्हा काट्याबरोबर दर्पणाचीही साक्ष काढावी, आणि शिंप्याच्या फितीची तर अवश्य.

खरोखर थांबले आहे का?

पठाराचे निदान करण्यापूर्वी मोजमाप नीट असावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी प्रातर्विधीनंतर, त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत वजन करावे. रोज वजन करून रोज खिन्न होऊ नये. स्त्रियांत मासिक पाळीपूर्वी एक-दोन किलोंचा फरक केवळ पाण्याने पडतो. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा आहे. सलग चार आठवडे वजन आणि घेर दोन्ही स्थिर असतील, तरच पठार म्हणावे.

मग एकूण घट पाहावी. वरील उदाहरणातील बाईंचे वजन ३२ किलोंनी, म्हणजे जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरले आहे. त्यांचा बीएमआय अद्याप ३६ च्या पुढे आहे म्हणून त्या दुःखी आहेत. त्यांना कोणीतरी ५५ किलोंचे 'आदर्श वजन' सांगून ठेवलेले असते. परंतु शस्त्रक्रियेकडून जेवढी अपेक्षा करावी, तेवढे फळ त्यांना मिळालेले आहे. मधुमेहाच्या गोळ्या किती कमी झाल्या, रक्तदाब कसा आहे, रात्रीची घोरण्याची व श्वास अडण्याची तक्रार गेली का, गुडघे काय म्हणतात, हेही हिशेबात धरावे.

कारणांचा शोध

सहाव्या महिन्यापूर्वीच वजन थांबले, एकूण घट फारच कमी झाली किंवा उतरलेले वजन पुन्हा वाढू लागले, तर मात्र कारण शोधावे. व्यवसायबंधूंसाठी क्रम असा सुचवितो.

१. आहार : तीन दिवसांची नोंद प्रामाणिकपणे लिहून आणावयास सांगावी. लहान झालेल्या जठरातूनही सहज घसरून जाणारे पदार्थ हे पठाराचे सर्वांत सामान्य कारण. पोळी-भाजी अडते, पण शेव, बिस्किटे, आइस्क्रीम अडत नाहीत. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात घराघरांत मुरैन्याची गजक असते. येता-जाता तोंडात टाकलेली ५० ग्रॅम गजक दोनशेहून अधिक उष्मांक देऊन जाते. दोन-दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा म्हणजे आणखी दीडशे.

२. औषधे : इन्सुलिन व सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, स्टिरॉइड, व्हॅल्प्रोएट, काही मनोविकारविरोधी व नैराश्यविरोधी औषधे आणि काही बीटा-ब्लॉकर वजन वाढवितात किंवा अडवितात. वजन घटल्यावर मधुमेहाची मात्रा कमी केली नसेल तर साखर उतरते आणि रुग्ण वारंवार खात राहतो.

३. आजार : थायरॉइडची तपासणी, झोपेतील श्वासरोध, नैराश्य. बायपासनंतर मद्य फार लवकर चढते आणि त्याची चटक लागण्याचा धोका असतो. पुरुषांना हा प्रश्न न संकोचता विचारावा.

४. रचना : छातीत जळजळ, उलट्या, किंवा एकाएकी पूर्वीइतके जेवण जाऊ लागणे ही लक्षणे असल्यास शल्यचिकित्सकाकडे पाठवून दुर्बिणीची तपासणी करावी.

५. गर्भधारणा : प्रजननक्षम वयाच्या स्त्रीचे वजन थांबले तर ही शक्यता प्रथम तपासावी. वजन उतरले की अनियमित पाळी सुधारते आणि 'मला मूल होत नाही' असे समजून बेसावध राहिलेली स्त्री गर्भवती होते.

माता आणि बालक

शेवटचा मुद्दा माझ्या शाखेचा म्हणून थोडा विस्ताराने लिहितो. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो, कारण वजन वेगाने उतरत असताना गर्भाचे पोषण उणे पडून बाळ लहान जन्मण्याचा धोका वाढतो. बायपासनंतर तोंडावाटे घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. तांबी किंवा इतर साधन बरे. गर्भारपणात मधुमेहाची चाचणी करताना ग्लुकोजचे द्रावण पाजल्यास चक्कर, घाम, जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याऐवजी घरी काही दिवस साखर मोजावी.

काही वर्षांपूर्वी अशीच एक माता सात महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळ फिकट, निस्तेज. हसणे विसरलेले, सावरू लागलेली मान पुन्हा टाकलेली, बोटांच्या पेरांवर काळसर झाक, हातांना सूक्ष्म कंप. आहार केवळ आईचे दूध. आईची शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झालेली. ती पूर्ण शाकाहारी. बाळंतपणानंतर वजन एका आकड्यावर अडले. घरात बोलणी सुरू झाली : "एवढे पैसे घातले आणि शेवटी हेच?" लाजेने तिने तपासणीला जाणे सोडले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोडल्या आणि एकवेळ जेवू लागली. रक्ततपासणीत माय-लेकरू दोघांतही ब-१२ जीवनसत्त्व अत्यंत कमी निघाले. इंजेक्शने सुरू केल्यावर आठवड्याभरात बाळ नजरेला नजर देऊ लागले. मागे पडलेला विकास भरून यावयास मात्र पुष्कळ महिने लागले.

याज्ञिकांच्या पुण्याजवळील अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या साध्या ग्रामीण मातांपैकीही सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ कमी आढळले होते. जेथे मूळ शिल्लकच इतकी तुटपुंजी, तेथे जठराचा मोठा भाग काढल्यावर गोळ्या सोडणे केवढे महाग पडेल, याचा विचार व्हावा. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बहुजीवनसत्त्वाची गोळी ही आयुष्यभराची सोबत आहे. वजन उतरो वा न उतरो, ती सुटता कामा नये. सतत उलट्या होत असतील तर थायमिन तातडीने द्यावे, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी द्यावे. अन्यथा मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

काय करावे?

- प्रत्येक जेवणात प्रथम प्रथिने, मग भाजी, शेवटी पोळी किंवा भात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण लक्ष्य. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, घट्ट वरणाच्या वाटीत तेवढेच, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५ ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी घरात हे लक्ष्य सहज साधत नाही. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिनांची भुकटी घ्यावी.

- घास लहान, चावणे भरपूर, जेवण २० ते ३० मिनिटांचे. पाणी जेवणाबरोबर नको. अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे.

- चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे. पण पठार हलविण्यास आणि स्नायू राखण्यास आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम हवेत : खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि जानेवारीत धुके हटत नाही; हे व्यायाम घरात करता येतात, म्हणून ऋतूची सबब उरत नाही.

- सात तासांची झोप. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे सिद्ध झालेले आहे.

- एवढे करूनही घट अपुरी असेल तर औषधांचा मार्ग आता खुला झाला आहे. लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर अपुरी घट झालेल्या ७० जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन २४ आठवड्यांत आणखी सुमारे ९ टक्क्यांनी घटले. औषध नसलेल्या गटाचे जवळपास हललेच नाही. २०२५ पासून टिर्झेपेटाइड व वजन घटविण्याच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड भारतातही मिळू लागले आहेत. ही औषधे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत. गर्भधारणेचा विचार असल्यास मुळीच घेऊ नयेत.

काय करू नये?

उपास वाढवू नयेत. आपल्या मराठी घरांत एकादशी, चतुर्थी, चातुर्मास यांचे महत्त्व मोठे आहे. पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस यांत पिष्टमय पदार्थ व तूप भरपूर, प्रथिने नाममात्र. उपास करावयाचाच असेल तर दूध, ताक, पनीर, थोडे शेंगदाणे, राजगिरा यांवर करावा आणि गोळ्या चुकवू नयेत. केवळ फळांचा किंवा केवळ रसांचा आठवडा, 'जठर पुन्हा लहान करणारे' पाच दिवसांचे चमत्कारिक आहार यांच्या नादी लागू नये. शेजारच्या बाईंचे किती उतरले, ही तुलना तर सर्वथा टाळावी. वय, उंची, मूळ वजन, मधुमेह, शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार प्रत्येकाची रेषा निराळी असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार सर्वांत शेवटी आणि रचनेतील दोष सिद्ध झाल्यावरच.

घरातील मंडळींसाठी

ग्वाल्हेरची बहुतेक मंडळी ही शस्त्रक्रिया दिल्ली, इंदूर, मुंबई किंवा पुण्याला करवून येतात. वर्षानंतर तिकडे जाणे-येणे कमी होते आणि पाठपुराव्याची जबाबदारी येथील कुटुंबवैद्यावर येते. म्हणून आपल्या मंडळातील प्रत्येक वैद्याने अशा रुग्णाची वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी होते की नाही, एवढे विचारावे. तो प्रश्न विचारताना स्वरात ठपका नसावा, कारण ठपका ऐकलेला रुग्ण पुन्हा येत नाही.

घरच्यांनी वजनाचा आकडा विचारू नये, "आज फिरायला जाऊ या का?" असे विचारावे. हळदीकुंकवात, लग्नकार्यात "ऑपरेशन करूनही फारसा फरक नाही हो" असे सहज उद्गार निघतात. बोलणारी विसरते, ऐकणारी त्या रात्री जेवत नाही. आग्रहाने वाढणे ही आपली रीत आहे, तीही येथे आवरावी. सासूबाईंनी सुनेच्या पानात जास्तीची पुरणपोळी न वाढता वाटीभर घट्ट वरण वाढले, तर तोही मायेचाच प्रकार होय.

आणि त्याच घरात मुले असतात. लठ्ठपणाची प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. स्वयंपाकघर तर सामाईकच. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांनी भारतीय बालरोग अकादमीसाठी तयार केलेल्या २०१५ च्या आलेखांत पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी प्रौढांच्या २३ व २७ बीएमआयशी समतुल्य अशा दोन रेषा दिलेल्या आहेत. ज्या घरात आई किंवा वडिलांची ही शस्त्रक्रिया झाली, त्या घरातील मुलांचा बीएमआय या आलेखावर वर्षातून दोनदा मांडावा. पहिली रेषा ओलांडताच घराचा आहार व खेळ सुधारला, तर मुलावर पुढे शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. मुलांदेखत आईच्या वजनाची थट्टा झाली, तर मूल काय शिकते, हेही मनात आणावे.

चढण संपून पठार लागले की वाटसरू थोडा विसावतो, शिदोरी तपासतो, पाणी भरून घेतो आणि मग पुढची वाट पाहतो. तसेच येथे करावे. गोळ्या चालू आहेत ना, प्रथिने पुरतात ना, स्नायू टिकून आहेत ना, मन प्रसन्न आहे ना, हे तपासावे. ही चार उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या स्थिर काट्यावर निश्चिंत मनाने उभे राहावे. आणि एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर संकोच न करता आपल्या वैद्याकडे जावे. मंडळातील सर्व वाचकांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.